सुडाचं खातं

सूड घ्यायला माणसाजवळ सवड लागते. आमच्यासारख्या बँकेतल्या कारकुनाजवळ ती कुठून असणार? सकाळी डोंबिवलीहून ८.१७ची लोकल, दिवसभर काउंटरवर "साहेब, पासबुक भरून द्या," आणि संध्याकाळी येताना कोथिंबीर. वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांचं पाणी आपल्या धुतलेल्या शर्टावर ठिबकतं, तेव्हा फार तर आपण त्यांच्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं शाईच्या पेनानं सोडवून ठेवावं, एवढाच सूड आम्हाला परवडतो. पिढीजात, रक्तातला सूड म्हणजे पूर्ण वेळेची नोकरी आहे, आणि तिला प्रॉव्हिडंट फंड नाही.

तरीही आमच्या घरात असा एक सूड आहे. वडिलोपार्जित आहे. मी त्याचा एकुलता एक वारस आहे. आणि म्हणूनच परवाच्या दुसऱ्या शनिवारी, जेवणं झाल्यावर चिरंजीवांनी जाहीर केलं की, "बाबा, आज गँगवाला पिक्चर लावतो. हिरोच्या वडिलांना मारतात, मग तो सोळा वर्षांनी सूड घ्यायला येतो," तेव्हा मी घाईघाईनं म्हणालो, "त्यापेक्षा मॅच बघू या."

पण आई लसूण सोलता सोलता थांबली होती.

"लाव रे," ती नातवाला म्हणाली. "बघू दे तुझ्या बापाला."

चित्रपट होता 'गँग्ज ऑफ न्यू यॉर्क'. मार्टिन स्कोर्सेसी या दिग्दर्शकाचा, २००२ सालचा. लांबी दोन तास सत्तेचाळीस मिनिटं. "बघते थोडंसं" म्हणत बसलेली सौ. पंधराव्या मिनिटाला झोपली, ती युद्ध संपल्यावर उठली. आई मात्र शेवटपर्यंत ताठ बसून होती. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून चिरंजीव शेजारी बसून भाषांतर करत होते. भाषांतर म्हणजे, पडद्यावर माणूस दोन मिनिटं बोलला की चिरंजीव सांगायचे, "आजी, तो चिडलाय."

हा स्कोर्सेसी माणूस मला आवडला. त्याच्या हाती हर्बर्ट ॲस्बरी नावाच्या लेखकाचं न्यू यॉर्कच्या जुन्या गुंडटोळ्यांवरचं पुस्तक पडलं ते १९७० साली. चित्रपट काढणार म्हणून त्यानं जाहीर केलं १९७७ साली. आणि चित्रपट पडद्यावर आला २००२च्या डिसेंबरात. आमच्याकडं गृहकर्जाची फाइलसुद्धा इतकी रेंगाळत नाही. या अवधीत जुनं न्यू यॉर्क शिल्लक उरलं नव्हतं, म्हणून त्यानं ते रोममध्ये चिनेचित्ता स्टुडिओत नव्यानं बांधलं. दान्ते फेरेत्ती नावाच्या कलादिग्दर्शकानं रस्ते, दारूचे गुत्ते, बंदर, सगळं उभारलं. खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात गेला. पुढं ऑस्करसाठी चित्रपटाला दहा नामांकनं मिळाली आणि बक्षीस एकही मिळालं नाही. प्रमोशनच्या मुलाखतीला दहा वेळा जाऊन पुन्हा त्याच काउंटरवर येऊन बसणाऱ्या माणसाबद्दल मला फार आतून काही वाटतं. (मी स्वतः प्रमोशन नाकारलं आहे. नाकारलं म्हणजे, बदली गडचिरोलीला होती.)

तर, सुरुवात होते १८४६ साली, न्यू यॉर्कच्या 'फाइव्ह पॉइंट्स' नावाच्या वस्तीत. ही वस्ती खरीच होती. एक तळं बुजवून त्यावर घरं बांधली, जमीन खचली, पैसेवाले निघून गेले आणि गरीब येऊन राहिले. चार्ल्स डिकन्स १८४२ साली तिथं जाऊन आला आणि लंडनची गरिबी पाहिलेला तो माणूससुद्धा हादरला. आयर्लंडमध्ये १८४५पासून बटाट्याचं पीक कुजायला लागलं, तशी आयरिश माणसं बोटी भरभरून इथं उतरू लागली. आधीपासून असलेले म्हणू लागले, आम्ही इथले, तुम्ही उपरे. हे वाक्य आपल्याला भाषांतर न करताही कळतं.

एक आयरिश पुढारी, त्याला सगळे 'प्रीस्ट' म्हणतात, सकाळी दाढी करतो. वस्तऱ्यानं गालावर रक्त काढतो. शेजारी त्याचा लहानगा मुलगा. मुलगा पातं पुसायला जातो, तर बाप म्हणतो, पुसायचं नाही, रक्त पात्यावर राहू द्यायचं. मग बाहेर बर्फात दोन टोळ्या कुऱ्हाडी आणि सुरे घेऊन एकमेकांवर तुटून पडतात. 'बुचर' बिल नावाचा खाटीक प्रीस्टला मुलाच्या डोळ्यांदेखत मारतो.

"पुसलं नाही ना पातं?" आईनं विचारलं.

"नाही आजी."

आई काही बोलली नाही. फक्त आतल्या कपाटाकडं पाहिलं. त्या कपाटात दागिन्यांचा डबा आहे, आणि डब्यात, मोहनमाळेच्या खाली, घडी करून ठेवलेली १९९८ सालची वकिलाची नोटीस आहे.

आमच्या सुडाची हकिगत अशी. राजापूरच्या पुढं आमचं गाव. तिथं आमची आणि बाबांचे चुलतभाऊ आबाकाका यांची बागायत शेजारी-शेजारी. मध्ये दगडांचा गडगा. तो एका पावसात पडला, आणि आबाकाकांनी पुन्हा रचला तेव्हा दोन हात आमच्या बाजूला सरकवून रचला. त्या दोन हातांत एक कापा फणस होता. फणस त्यांच्या हद्दीत गेला. बाबांनी नोटीस दिली, दावा लावला, तारखा पडल्या. २००४ साली बाबा गेले, आणि नंतर आमच्या गैरहजेरीमुळं दावा निकालात निघाला. गैरहजेरी माझीच. तारखा नेहमी मार्च अखेरीला यायच्या.

बाबा जाताना आईकडं पाहून "गड... गड..." एवढंच म्हणाले. आईच्या मते ते 'गडगा' म्हणत होते, आणि पुढचा शब्द 'पाड' होता. मी तेव्हा उशाशी होतो. घसा कोरडा पडलेला होता, हात तांब्याच्या दिशेनं गेला होता. मला आजही शंका आहे की ते 'गडू' म्हणत होते. पण पिढीजात वैरात असल्या बारकाव्यांना जागा नसते.

इकडं पडद्यावर सोळा वर्षं उलटली. प्रीस्टचा मुलगा सुधारगृहातून सुटला. नाव ॲमस्टरडॅम. (लिओनार्डो डिकॅप्रिओ. "हा मघाच्या बोटीतला ना रे, बुडालेला?" आईनं विचारलं. तिनं 'टायटॅनिक' टीव्हीवर बघितला आहे.) तो फाइव्ह पॉइंट्समध्ये परत येतो. तिथं आता बुचर बिलचं राज्य. डॅनिएल डे-लुईस या नटानं हा बिल असा उभा केला आहे की ज्याचा सूड घ्यायचा त्याच्यावरून नजर हलत नाही. उंच टोपी, झुपकेदार मिशा, आणि एक डोळा काचेचा, ज्याच्या बुबुळावर गरुड. या डोळ्यावर तो सुरीच्या टोकानं टक्‌टक्‌ करतो. त्या आवाजानं सौ. झोपेत कूस बदलली.

या बिलचा मूळ पुरुष खराखुरा होऊन गेला. विल्यम पूल नावाचा खाटीक आणि मुष्टियोद्धा. त्याला १८५५च्या फेब्रुवारीत ब्रॉडवेवरच्या एका दारूच्या दुकानात गोळी लागली आणि मार्चमध्ये तो मेला. आपण खरा अमेरिकन म्हणून मरतोय अशा अर्थाचे त्याचे शेवटचे शब्द तेव्हा फार गाजले. (त्याच्या उशाशी गडू असता तर काय म्हणाला असता, कोण जाणे.) चित्रपटात मात्र हा गृहस्थ १८६३ सालीही ठणठणीत आहे. मयत खातेदार आठ वर्षं व्यवहार करतोय, आणि एकाही शाखाधिकाऱ्यानं हयातीचा दाखला मागू नये! इतिहासाच्या प्राध्यापकांनी या असल्या गोष्टींवरून चित्रपटाला बरंच फैलावर घेतलं. मला स्वतःला ते चालतं. खतावणी जुळत नसली तरी माणूस ओळखीचा वाटतो.

चित्रपटातलं शहर मला कथेपेक्षाही आवडलं. एका घराला आग लागते. दोन आगीचे बंब धावत येतात. दोन्हीकडचे लोक आधी एकमेकांना बदडतात, कारण आग विझवण्याचा मान कोणाचा हे ठरायचं असतं. घर आपलं जळतंय. तेव्हा तिथं खरोखरच स्वयंसेवकांच्या बंबपथकांत अशा मारामाऱ्या होत. आमच्या सोसायटीत पाण्याच्या पंपावरून दोन गट आहेत, म्हणून मला हे दृश्य डोळ्यांपुढं आणावं लागलं नाही.

निवडणुकीत दाढीवाला मतदार मत देऊन येतो, त्याला उचलून न्हाव्याकडं नेतात, दाढी उतरवतात आणि दुसरा माणूस म्हणून पुन्हा मताला पाठवतात. केवायसीची कटकट करणाऱ्या आम्हा बँकवाल्यांना लोक उगाच शिव्या देतात. या सगळ्यावर देखरेख करणारा बॉस ट्वीड हाही खरा माणूस. टॅमनी हॉल या राजकीय संघटनेचा पुढारी. त्यानं पुढं न्यू यॉर्कमध्ये जे न्यायालय बांधलं, त्याच्या हिशेबात एका सुताराचं महिन्याभराच्या कामाचं बिल ३,६०,७५१ डॉलर आहे, आणि इमारतीत लाकूडकाम जवळजवळ नाही. गिलावा करणाऱ्याचं दोन दिवसांचं बिल १,३३,१८७ डॉलर. मी हे आकडे आमच्या कॅन्टीनमध्ये वाचून दाखवले. तेव्हा एका सहकाऱ्यानं आदरानं एवढंच विचारलं, "व्हाउचर होतं ना?"

आणि बंदरावरचं ते दृश्य! आयरिश माणसं बोटीतून उतरतात. समोर टेबलं. एका टेबलावर सही केली की नागरिक, पुढच्या टेबलावर सही केली की शिपाई. मग अंगात गणवेश, हातात बंदूक, आणि लगेच दुसऱ्या बोटीवर, कारण तिकडं उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध चालू आहे. कॅमेरा कुठंही न थांबता हे सगळं दाखवत जातो, आणि शेवटी त्याच बोटीतून दोरांनी शवपेट्या खाली उतरताना दिसतात. आमच्याकडं 'एक खिडकी योजना' आली तेव्हा साहेबांनी भाषण केलं होतं. त्या योजनेचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

पण खरी पंचाईत पुढंच होती. ॲमस्टरडॅम बिलला मारायला आलेला, तर बिलला तो आवडायला लागतो. त्याला मूलबाळ नाही. तो याला जवळ करतो, टांगलेल्या डुकरावर सुरी कुठं आणि कशी चालवायची ते हात धरून शिकवतो. आणि याला ते आवडतं. नाटकगृहात बिलवर गोळी झाडली जाते, तेव्हा हाच मधे पडून त्याचा जीव वाचवतो! त्या रात्री बिल अंगाभोवती झेंडा गुंडाळून याच्या बिछान्याशी येऊन बसतो आणि सांगतो की, आयुष्यात मला मानावासा वाटला असा एकच शत्रू होता, प्रीस्ट. भिंतीवर प्रीस्टची तसबीर आहे. दरवर्षी त्याच्या नावानं पेला उचलला जातो.

"बापाच्या मारेकऱ्याच्या पंगतीला बसलाय मेला," आई म्हणाली. "लाज कशी वाटत नाही?"

मी ताटलीतला शेंगदाणा उचलला आणि तो खूप वेळ चावत राहिलो.

कारण २०२२च्या मे महिन्यात घरपट्टी भरायला मी गावी गेलो, तेव्हा आईनं बजावून पाठवलं होतं की, गडगा मोजून ये, पुन्हा दावा लावू. मी पिशवीत मोजपट्टी घेऊन गेलो. सूड घ्यायला मोजपट्टी घेऊन जाणारा इतिहासात मी पहिलाच असेन. भर उन्हात गडग्याशी वाकलो असताना पलीकडून आवाज आला, "कोण रे? बाळ्याचा मुलगा ना? टोपी का नाही डोक्यावर?" आबाकाका. एक डोळा मोतीबिंदूनं पांढरा झालेला. मी उत्तर शोधत होतो, तोवर त्यांनी पट्टीचं दुसरं टोक धरलं होतं. "सरळ धर. उगाच तिरकं मोजलंस तर तुझंच नुकसान." मापात खरोखर दोन हात निघाले. "आहेत ना दोन?" ते म्हणाले. "चल, माईनं भाताला वाफ आणलीय."

जेवलो. कुळथाचं पिठलं होतं. मग त्यांनी तोच फणस काढला, आमचा, आणि मला कापायला शिकवला. आधी कोयत्याला तेल, मग हाताला तेल, मग देठाशी चीक पुसायचा, आणि घाई करायची नाही. माझा हात धरून शिकवलं. बाबांची आठवण निघाली. आबाकाका म्हणाले, "मला कोर्टात खेचणारा तो एकटाच निघाला. बाकीचे सगळे मागं बोलायचे." परत निघताना माईकाकूंनी फणसाचं साठं बांधून दिलं. घरी आल्यावर सांगितलं, एसटी स्टँडवर घेतलं. गडग्याचं विचारल्यावर सांगितलं, कागद काढावे लागतील.

तेव्हापासून दर मे महिन्यात मी कागद काढायला जातो.

पडद्यावर मित्राच्या मत्सरानं ॲमस्टरडॅमचं बिंग फुटलं. बिलनं भर दरबारात त्याचे हाल केले, गाल भाजला, आणि जिवंत सोडलं, जे मरणापेक्षा वाईट. मग दोघांनी रीतसर लढाई ठरवली. जागा ठरली, हत्यारं ठरली. पण १८६३च्या जुलैत शहराचं काही वेगळंच ठरलं होतं.

सरकारनं सक्तीची सैन्यभरती काढली होती. चिठ्ठीत नाव निघालं की जायचं. मात्र ज्याच्याकडं तीनशे डॉलर असतील त्यानं ते भरून सुटायचं, किंवा पैसे देऊन बदली माणूस पाठवायचा. तीनशे डॉलर म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. पुढं बँकिंगच्या धंद्यात दादा झालेला जे. पी. मॉर्गन बदली देऊन सुटला. पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झालेला ग्रोव्हर क्लीव्हलंडही तसाच. आयुष्यभर चलनं भरून घेतली आहेत मी, पण जिवाचं चलन असं इतकं स्वच्छ छापलेलं पाहिलं नव्हतं. चिठ्ठ्या निघाल्या शनिवारी आणि सोमवारी, १३ जुलैला, शहर पेटलं. चार दिवस पेटलेलं होतं. राग होता तीनशे डॉलरवाल्यांवर, पण ते सापडेनात, तेव्हा जमाव वळला काळ्या लोकांवर. त्यांना दिव्याच्या खांबांवर लटकवलं. काळ्या मुलांचं अनाथालय जाळलं. मुलं मागच्या दारानं वाचली. शेवटी गेटिसबर्गच्या रणांगणाकडून पलटणी आणून दंगल मोडली. मेलेल्यांचा अधिकृत आकडा एकशेवीसच्या आसपास आहे.

चिरंजीवांनी इथं भाषांतर बंद केलं. आईनंही विचारलं नाही.

आणि या धुमाळीत आपले दोन वीर, बापाचा हिशेब चुकता करायला, सुरे काढून समोरासमोर उभे! एवढ्यात तोफगोळा येऊन पडतो. (आरमारानं शहरावर गोळे डागले हे स्कोर्सेसीच्या पदरचं.) सगळीकडं धूळ. कोण कुठं आहे दिसत नाही. सोळा वर्षं ज्या क्षणासाठी काढली, तो क्षण येतो तेव्हा सरकारला त्याचा पत्ताच नसतो. बिलच्या पोटात आधीच गोळ्याचा तुकडा घुसलेला असतो. ॲमस्टरडॅम सुरा खुपसतो, पण मुद्दल आधीच कुणीतरी भरून गेलेलं असतं. बऱ्याच समीक्षकांना हा शेवट विस्कटलेला वाटला. विस्कटलेला आहेच. मला तोच खरा वाटला.

शेवटी बिलला प्रीस्टच्या शेजारीच पुरतात. ॲमस्टरडॅम बापाचा वस्तरा तिथंच मातीत पुरतो आणि निघून जातो. मग पलीकडं न्यू यॉर्क वाढत जातं, पूल येतात, इमारती येतात, दोन जुळे मनोरेही येतात, जे २००१ साली, हा चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, पडले होते. आणि अलीकडं त्या दोन दगडांवर गवत माजत जातं.

आई बराच वेळ पडद्याकडं बघत राहिली.

"मध्ये गडगा नाही घातला वाटतं," ती म्हणाली, आणि लसणाची ताटली उचलून झोपायला गेली.

मला रात्रभर झोप नव्हती. सकाळी चहा घेताना ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आबाभावजींचं मोतीबिंदूचं झालं का रे ऑपरेशन?"

माझ्या हातातली बशी हिंदकळली. "तुला... तुला कोण म्हणालं?"

"स्टँडवरचं साठं प्लॅस्टिकात मिळतं. तू आणतोस ते धुवट लुगड्याच्या फडक्यात असतं. आणि गाठ उलटी. जाऊबाई डावखुऱ्या आहेत."

मी खाली बघून चहा पीत राहिलो. आई उठली, आतलं कपाट उघडलं. मला वाटलं, आता नोटीस बाहेर निघणार. तिनं इस्त्री केल्यासारख्या घड्या घातलेली चार फडकी आणून माझ्यापुढं ठेवली.

"पुढच्या खेपेला परत ने. लोकांची फडकी ठेवून घेऊ नयेत," ती म्हणाली. "आणि म्हणावं, फणस आमचाच आहे."